‘पाणकाठ’ बंगल्यातील खीर-वड्यांबाबत

पुतळाबाई शिवराम चिकणे, वय ५४ वर्षे, धंदा घरोघरी स्वयंपाक, राहणार सेक्टर ५, करंजाडे, ता. पनवेल. माहेर मौजे उंबरवाक, कोयनेच्या पाण्याच्या पलीकडच्या अंगाला, जि. सातारा. शिक्षण चौथी. फोन आहे, साधा.

आज दि. २८/०२/२०२४ रोजी सकाळी ११.४० वाजता बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते ते असे की, मी वरील ठिकाणी पती शिवराम यांच्यासह राहते. पती वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत. गेली चौदा वर्षे मी सीवूड्स येथे सौ. नंदिनी दिलीप देवधर यांच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. त्यांनीच माझ्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला आहे. अर्जात असे आहे की, त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात मी पाहुण्यांना कपटाने श्राद्धाचे जेवण घातले. ते खरे आहे. मी घातले. नाही कशाला म्हणू?

हवालदार साहेबांनी विचारले की, जेवणात काही कालवले होते काय. काही कालवले नव्हते. तूप साजूक होते, मॅडमच्याच बरणीतले. बावीस माणसे जेवली, एकाचेही पोट दुखले नाही, आणि खीर सगळ्यांनी दोनदा मागून घेतली. कुठले कलम लावायचे ते साहेबांनाच सापडेना, म्हणून आधी माझे सगळे म्हणणे लिहून घ्यायचे ठरले. सगळे लिहायचे तर मागच्या वर्षापासून लिहावे लागेल, कारण भांडण तिथले आहे.

दि. ०२/०२/२०२३ रोजी, गुरुवारी, माझा धाकटा भाऊ हौसेराव कोंडिबा कदम याचा उंबरवाकहून फोन आला. आई बायडाबाई अंथरुणाला खिळली आहे, पाणीसुद्धा चमच्याने घेते आणि सारखे माझे नाव घेते, असे त्याने सांगितले. मी शुक्रवारी पनवेलहून एसटीने निघणार होते. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सुट्टी मागायला गेले तेव्हा नंदिनी मॅडम म्हणाल्या, "एसटीचे धक्के कशाला खातेस? आम्ही शनिवारी तिकडेच चाललोय, पाणकाठला. तुझं गाव समोरच आहे ना? पोचल्या पोचल्या लाँचने सोडते तुला." मला ते पटले. इतकी वर्षे त्यांच्या चुलीपाशी उभी होते, संशय घ्यायचे काही कारण नव्हते.

पाणकाठ हा भाड्याने मिळणारा बंगला आहे. शनिवार-रविवार शहरातली माणसे तिथे येतात आणि पाण्याकडे बघत बसतात. मॅडमचा ग्रुप वर्षातून तीन-चारदा असा कुठेतरी जातो, कधी मुरुडला, कधी भंडारदऱ्याला, आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकाला मला नेतात. मॅडमना हवाबदल लागतो, पण हातची चव बदललेली चालत नाही. पाणकाठच्या गॅलरीतून पलीकडच्या काठावर उंबरवाक दिसते. आमच्या देवळाचे पत्रे उन्हात चमकतात तेसुद्धा दिसतात. तिथे माझ्या फोनला रेंज नसते. मॅडमचा फोन बंगल्यातल्या वायफायवर चालतो. म्हणून हौसेरावला मॅडमचा नंबर मीच दिला होता, काही कमी-जास्त झाले तर याच्यावर कर म्हणून. ही चूक माझी आहे, ती मी कबूल करते.

शनिवारी दि. ०४/०२/२०२३ रोजी दुपारी एकच्या सुमारास पोचलो. पंधरा माणसे भुकेजलेली होती, म्हणून आधी पिठले-भाकरी केली. अडीच वाजता मी साडी बदलून पायरीवर बसले. तीन वाजता लाँच आली. तिच्यात पाहुणे बसले, कारण त्यांना मावळतीचे फोटो काढायचे होते. लाँच परत आली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि लाँचवाला म्हणाला, आता उद्या. मॅडम म्हणाल्या की सकाळी पहिल्या फेरीला नक्की, एका रात्रीने काय होतेय. मी परत साडी बदलली आणि भज्यांसाठी कांदा चिरायला घेतला.

रविवारी दि. ०५/०२/२०२३ रोजी माघी पौर्णिमा होती. त्या पहाटे आई गेली. हे मला तेव्हा माहीत नव्हते, फोनवरचे बोलणेही नंतर हौसेरावच्या तोंडून कळले. सकाळी सव्वाआठला हौसेरावने मॅडमच्या फोनवर कळवले. मॅडम त्याला म्हणाल्या, सांगते आणि लगेच पाठवते. मला त्यांनी सांगितले की लाँच बिघडली आहे, दुपारच्या जेवणानंतर बघू, तू थालीपिठे लाव. दहा वाजता हौसेरावचा दुसरा फोन आला. तेव्हा त्या म्हणाल्या, तिला सांगितलंय, ती बघतेय कसं यायचं ते. मी चार पावलांवर ओट्यापाशी होते. मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या आणि काचेचे दार ओढून घेतले, तेवढे मी पाहिले.

साडेअकराच्या सुमारास मी गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल काढायला गेले. पलीकडे उंबरवाकच्या काठावर धूर दिसला. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे उभी दिसत होती. मनात म्हटले, गावातले कुणीतरी गेले. टॉवेल खांद्यावर टाकून मी तिकडे हात जोडले आणि आत जाऊन वांगी परतली.

या ठिकाणी साहेबांनी ‘मला अतिशय दुःख झाले’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. दुःख कसे होणार, मला कुठे माहीत होते? कुणाची तरी आई असेल म्हणून मी हात जोडले. तसेच लिहावे.

संध्याकाळी सव्वापाच वाजता पोलादपूरला गाडी चहाला थांबली. मॅडमनी चहा संपवला आणि मग मला सांगितले. त्या म्हणाल्या, "सकाळी सांगितलं असतं तर तू सगळं टाकून पळाली असतीस. पंधरा माणसांचं मी काय केलं असतं? आणि जाणारी तर गेलीच होती ना." हे शब्द त्यांचेच आहेत, मी एक अक्षर वाढवलेले नाही. त्यांची मुलगी सई गाडीत मागे बसली होती, तिने ऐकले आहे. मी तिथेच पिशवी घेऊन उतरले. मॅडमनी मला परत घाट चढून सोडायची तयारी दाखवली नाही, कारण सोमवारी त्यांना ऑफिस होते.

सोमवारी दुपारी मी एसटीने आणि मग लाँचने उंबरवाकला पोचले. हौसेराव दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, "अकरा वाजंस्तवर आईला अंगणात ठेवली. धक्क्यावर माणूस उभा केला. तुला मॅडमचं कालवण मोठं. जा, तेच ढवळत बस." मी सांगितले की मला कुणी कळवलेच नाही. त्यावर तो म्हणाला, "म्या स्वतः दोनदा बोललोय त्यांच्याशी. एवढी शिकलेली बाई खोटं बोलंल व्हय?" मी चौथी शिकलेली, त्यामुळे खोटी मी ठरले. भावजयीने आतून तांब्या आणला तर त्याने तो परत न्यायला लावला. माहेरच्या दारात मला पाणी मिळाले नाही. दहाव्याला, तेराव्याला बोलावणे आले नाही. त्यानंतर हौसेरावने माझा फोन उचललेला नाही.

पुढच्या आठवड्यात मी कामावर हजर झाले. पती म्हणाले, थू त्या घरावर, सोडून दे. मी सोडले नाही. सोडले असते तर मॅडम सुटल्या असत्या. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती, त्यांनी हौसेरावला फोन करून सांगायचे की मी तिला कळवले नव्हते. एवढे एकच वाक्य. त्यांच्या तोंडचे असल्याशिवाय तो मानणार नव्हता. मी दर सोमवारी विचारत होते. मॅडम म्हणत होत्या, करते गं, आज मीटिंग आहे, करते गं, आज डोकं दुखतंय. भाऊबिजेला मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बंद केला आणि म्हणाल्या की सणासुदीला असले विषय नकोत. त्या दिवसानंतर मी विचारायचे बंद केले. मॅडमना वाटले, विसरली. मी विसरले नव्हते, मी चांगलीच पेटले होते.

या जानेवारीत मॅडमनी सांगितले की सईचा साखरपुडा २४ फेब्रुवारीला, शनिवारी, पाणकाठला करायचा आहे. दोन्हीकडची मिळून बावीस माणसे. मुलाचे नाव वरद, चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन पाहिले. मागच्या साली श्रावण दोन आले, म्हणून आईची वर्षाची तिथी तेरा महिन्यांनी येत होती. माघी पौर्णिमा त्याच शनिवारी होती. तारीख मी ठरवलेली नाही, मॅडमनी ठरवली. साहेबांनी हे नीट लिहून घ्यावे, कारण अर्जात मी ‘पूर्वनियोजित कट’ केला असे म्हटले आहे.

जेवणाचेही मॅडमनीच सांगितले. केटरर नको, सगळे ऑथेंटिक गावरान पाहिजे, केळीच्या पानावर. तुमच्या घरी मोठ्या कार्याला करतात ते कर, असे त्या म्हणाल्या. मी दोनदा विचारले की आमच्याकडचेच करू ना, मागून काही म्हणायचे नाही. त्या म्हणाल्या, अगं, बिनधास्त. मी बिनधास्त केले.

पहाटे अंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंब न घेता मी स्वयंपाकाला लागले. तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, कारले, लाल भोपळा, आमसुलाची चटणी, कढी, भात. खिरीत हात राखून ठेवला नाही. हे पान कुठल्याही सासुरवाशिणीने लांबून ओळखले असते. मॅडमनी ओळखले नाही. त्यांच्याकडे पितृपक्षात आश्रमाची पावती फाडतात आणि मोकळे होतात, पानात काय वाढतात ते त्यांनी या चौदा वर्षांत पाहिलेले नाही. पाहुण्यांना वाढायच्या आधी मी एक पान भरून गॅलरीच्या कठड्यावर, उंबरवाकच्या बाजूला ठेवले. त्याच वेळी पलीकडे हौसेराव वर्षश्राद्ध घालत असणार. मला तिकडे मज्जाव होता, म्हणून मी इकडून घातले. आईला पंगत पाहिजे होती, ती चांगली अंगठ्या घातलेली बावीस माणसांची मिळाली.

दीड वाजता पंगत बसली. वरदची आई उज्वलाताई पानाकडे बघून जरा थांबल्या. खीर, वडे आणि आमसुलाची चटणी एकदम कशी, असे त्यांनी हळूच विचारले. मॅडम हसून म्हणाल्या की यांच्या गावाकडची पद्धत आहे. मग सगळ्यांनी पानाचे फोटो काढले. मी फिरफिरून वाढत होते. आग्रह केला, हे खोटे नाही. मॅडमना तर मी स्वतः तिसरा वडा वाढला.

सगळे विडा घेऊन गॅलरीत आले तेव्हा उज्वलाताईंनी कठड्यावरचे पान पाहिले आणि हे कुणाचे म्हणून विचारले. मी म्हणाले, "माझ्या आईचं. आज तिचं वर्षश्राद्ध. तुम्ही सगळे पोटभर जेवलात, ती तृप्त झाली." मग मी पलीकडचा काठ दाखवला आणि मागच्या वर्षीचा धूर कुठे होता तेही दाखवले. उज्वलाताईंनी तोंडातला विडा रुमालात काढला. मॅडमचा चेहरा मी नीट बघून घेतला. मला बरे वाटले. साहेब म्हणाले हे लिहू का, तर लिहा.

उज्वलाताई माणसे घेऊन चार वाजायच्या आत निघून गेल्या. त्यांनी सांगितले आहे की हा प्रकार नक्की काय तो कळल्याशिवाय लग्नाची तारीख धरणार नाही.

रविवारी दि. २५/०२/२०२४ रोजी मॅडम करंजाड्याला माझ्या घरी आल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा आल्या. जिना चढून दमल्या होत्या, मी पाणी दिले. हौसेरावसारखे मला करता आले नाही. त्यांचे म्हणणे असे की, मी एक ओळ लिहून द्यावी, जेवण साधेच होते आणि मी रागाच्या भरात खोटे बोलले. ती ओळ त्या उज्वलाताईंना दाखवणार. त्या रडल्या. एका ओळीनं तुझं काय जाणार आहे, असे म्हणाल्या. मी त्यांना म्हटले की तुमचे काय गेले असते? त्यावर त्या उठून गेल्या आणि सोमवारी हा अर्ज दिला. मला पोलिसांचे भय दाखवून ओळ मिळेल असा त्यांचा हिशेब होता.

आज सकाळी मी इथे आले तेव्हा सई बाहेर उभी होती. आईला न सांगता आली होती. म्हणाली, "मावशी, पोलादपूरला मी सगळं ऐकलं होतं. मी गप्प बसले. म्हणून केलंस का तू हे मला?" सईला मी दहाव्या वर्षापासून जेवू घातले आहे. तिच्या डब्यात कारले दिले की ती परत आणायची, ते शनिवारी तिने मुकाट्याने खाल्ले. मी तिला सांगितले की हे तुझ्या आईला केले, तू मधे आलीस. तिने विचारले की मग माझ्या लग्नाला ते लागणार का. मी तिला उत्तर दिले नाही. मला ते तिथे, रस्त्यावर उभे राहून द्यायचे नव्हते. साहेबांसमोर, शिक्का बसणाऱ्या कागदावर द्यायचे होते.

तर माझे म्हणणे असे. जेवण साधे होते, हे मी मेले तरी लिहून देणार नाही. आईचे वर्षश्राद्ध मी एकदाच घातले, ते कागदावर पुसू देणार नाही. पण दुसरी एक ओळ मी देऊ शकते आणि ती खरी आहे. सई आणि वरद माझ्या आईच्या नावाने पोटभर जेवले, आईचा आत्मा त्यांना दुवाच देईल, यात अशुभ काही नाही, आणि घालणारी मी स्वतः तसे सांगते. ही ओळ उज्वलाताई मानतील. त्यांनी मला निघताना खूण करून जवळ बोलावले होते आणि आई किती वर्षांची होती असे विचारले होते.

ही ओळ फुकट मिळणार नाही. मॅडम आता बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांनी मघाशी साहेबांमार्फत निरोप पाठवला की, पुतळाबाईने ओळ दिली तर मी तिच्या भावाला आत्ताच फोन करते आणि गैरसमज झाला होता असे सांगते. गैरसमज झाला नव्हता. त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले तर त्या मधले सगळे गुंडाळून ठेवतील. म्हणून त्यांनी हौसेरावला फोन लावावा आणि हा जबाब त्याला आपल्या तोंडाने वाचून दाखवावा. पहिल्या ओळीपासून. सव्वाआठचा फोन, दहाचा फोन, काचेचे दार, आणि गॅलरीतून मी जोडलेले हात, यातले काही गाळायचे नाही. पोलादपूरचे त्यांचे बोलणे आले की आवाज खाली करायचा नाही. मी समोर बसून ऐकणार आहे. त्यांना रडू आले तर थांबून परत वाचावे, मला घाई नाही.

साहेब म्हणाले, असे नियमात बसत नाही. मी म्हटले, श्राद्धाचे जेवण घातले याचे तरी कलम कुठे आहे? त्यावर साहेब हसले आणि बाहेर जाऊन मॅडमना सांगून आले. मॅडम आधी नाही म्हणाल्या. आता त्यांनी हौसेरावचा नंबर विचारला आहे.

वरील मजकूर साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला आणि मीही पानावर बोट ठेवून पाहिला. मी सांगितले तेच यात आहे, खोडलेले माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. सही करण्याबाबत साहेबांनी विचारले असता मी असे सांगते की, मॅडमचे वाचून संपले, आणि फोनवरून हौसेरावने मला आक्का म्हणून हाक मारली, की मी सही करीन.